मदत हवी आहे: तीन बेडरूममधून 480 चौ. फुटांत जातोय, मुलांसाठी बंक बेड करावा का?

निळीशाई: तीन बेडरूमचं घर सोडून शहरात भर मध्यात वन बीएचके घेतलंय. 480 चौ. फूट. 19 दिवसांत हे घर रिकामं करून द्यायचंय. मुलं दोन. बेडरूम 10 बाय 9, तिथे बंक बेड करून घ्यायचा विचार आहे. सुतार उद्या संध्याकाळी येतोय. खाली कपाट करावं की ड्रॉवर? आणि सात फुटी सोफा न्यावा का? प्लीज लवकर सांगा.

पायवाट: 480 कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं, की भिंतींसकट बिल्टअप? मुलांची वयं काय? घर स्वतःचं की भाड्याचं? छत किती उंच, पंखा कुठे? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सुताराला तरी काय सांगणार?

गच्चीवरचा: आधी निम्मं सामान काढा, पलंगाचं नंतर बघू. आम्ही अशाच घरात गेलो तेव्हा एकच नियम केला. वर्षभरात हात लागला नाही ती वस्तू बाहेर. मुलांची खेळणी तर ती झोपल्यावर काढा. सकाळी त्यांच्या लक्षातही येत नाही.

सुईदोरा: लक्षात येतं, दादा. आम्ही असाच एक कापडी हत्ती काढला होता, एक कान उसवलेला. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. पुढे कितीतरी दिवस झोपताना विचारायचा, "आई, तो ट्रकमध्येच राहिला का गं?" मला खरं सांगता आलं नाही. घर त्यांना न विचारता बदलतो, वस्तू तरी विचारून काढाव्यात. प्रत्येकाला एक खोकं द्या, त्यात काय जाईल ते त्यांचं त्यांनी ठरवू दे.

गच्चीवरचा: विचारत बसलं तर 19 दिवसांत एक कपाटही रिकामं होणार नाही. अनुभवाने सांगतोय.

निळीशाई: कार्पेट. भाड्याचं आहे, मालकांनी भिंतीला भोकं पाडायची नाहीत असं बजावलंय. मुलगी 11, मुलगा 4. छत 9 फूट, पंखा मधोमध. आता बंक बेडचं सांगा.

तिसरामजला: मी फर्निचरच्याच कामात आहे. करू नका. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बेडवर झोपवत नाहीत, आणि ताई वर झोपली तरी चार वर्षांचा धाकटा शिडी चढणारच. दुसरं, पंखा. 48 इंची पंख्याचं पातं मधल्या दांड्यापासून 2 फूट येतं. 9 फूट रुंदीच्या खोलीत त्याचं टोक भिंतीपासून अडीच फुटांवर आणि बेड 3 फूट रुंद, म्हणजे पातं बेडच्या कडेवरून फिरणार. वरची गादी साडेपाच फुटांवर धरली तर 11 वर्षांची मुलगी उठून बसताच डोकं 8 फुटांपर्यंत जातं. पातीही साधारण तिथेच असतात.

पायवाट: शिवाय भाड्याच्या घरात मापाने करून घेतलेलं सुतारकाम पुढच्या घरात बसत नाही. सुताराला उद्याच नाही म्हणा.

शांतदुपार: मुळात एवढ्याशा घरात जायचंच कशाला? शहराबाहेर याच भाड्यात मोठं घर मिळेल, मुलांना मोकळी हवा मिळेल.

निळीशाई: आत्ता शहराबाहेरच राहतो. मुलांचे बाबा मुलं उठायच्या आत निघतात आणि ती झोपल्यावर येतात. धाकटा परवा त्यांना म्हणाला, "तुम्ही आज राहायला आलात?" निर्णय झालाय, कृपया त्यावर चर्चा नको.

ओलीमाती: एक सांगते. लहान घरात बेडरूममध्ये कपडे वाळत घालू नका. ओल कोंडते आणि कपाटामागे बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला कपाट अगदी चिकटवू नका, दोन-तीन इंच हवा खेळू द्या.

गच्चीवरचा: धागा पलंगाचा आहे हो.

ओलीमाती: कपाट पलंगाशेजारीच येणार ना?

तिसरामजला: निळीशाईताई, सिंगल पलंग घ्या, खालून सरकून बाहेर येणारा दुसरा पलंग असलेला. दिवसा खोली मोकळी राहते.

सुईदोरा: आणि तुम्ही दोघं कुठे झोपणार?

निळीशाई: हॉलमध्ये. बेडरूममध्ये मुलं आणि सासूबाई.

पायवाट: सासूबाई? हे आत्ता सांगताय?

निळीशाई: त्या आमच्याकडेच असतात, वेगळं लिहायचं सुचलंच नाही. गुडघ्यांमुळे खाली झोपता येत नाही. रात्री दोनदा उठतात.

तिसरामजला: मग माझा सल्ला मागे घेतो. त्यांचा पलंग 3 फूट, मुलीचा 3, बाहेर ओढलेला 3. झाले 9. चालायला इंचभरही उरत नाही. धाकट्याला तुमच्यात हॉलमध्ये घ्या. समोरासमोरच्या भिंतींना दोन सिंगल, मध्ये 3 फूट वाट. पलंग सव्वासहा फूट लांब, म्हणजे 10 फुटांतले पावणेचार उरतात. 2 फूट खोल कपाट बसतं आणि दार उघडायला पावणेदोन फूट मिळतात, त्यामुळे दाराची एकेक फळी दीड फुटाच्या आतली घ्या. खोलीचं दार कुठे उघडतं ते आधी बघा.

पायवाट: उंच कपाट भिंतीला बांधलेलंच हवं. चार वर्षांचं मूल ड्रॉवर ओढून त्यावर चढतं आणि कपाट अंगावर येतं. तेवढ्या दोन भोकांची परवानगी मालकांकडून लेखी घ्या.

सुईदोरा: सगळे फूट-इंच मोजताय. मुलगी 11 वर्षांची आहे. तिला आजवर स्वतःची खोली होती का?

निळीशाई: होती. तिने अजून काहीच विचारलेलं नाही, त्याचीच मला जास्त काळजी आहे.

सुईदोरा: मग तिला रिकामं घर दाखवून आणा. जमिनीवर कागदी चिकटपट्टीने पलंग आखा आणि कोणती भिंत ते तिला निवडू दे.

निळीशाई: काल सगळे जाऊन आलो. सुताराला "नको" असं कळवलं. सोफाही विकतोय, लिफ्टचं दार साडेसहा फूट उंच आहे आणि जिन्याच्या वळणावर तो फिरत नाही. पट्ट्या आखल्यावर सासूबाई काठी घेऊन दोन्ही पलंगांच्या मधून चालून बघत होत्या. एका जागी काठी पट्टीवर पडली, तर लेकीने आपला पलंग चार बोटं मागे सरकवून पुन्हा आखला. मग खिडकीकडच्या चौकोनात आडवी झाली, बराच वेळ उठलीच नाही. शेवटी म्हणाली, "पडदा लावता येईल का? आणि आजीला त्रास होणार नाही असा दिवा." भोकं न पाडता पडदा कसा लावायचा?

तिसरामजला: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसत्या ताणावर बसवायचा रॉड 10 फूट लांबीत मध्ये लोंबतो, तो घेऊ नका. पलंगाच्या चार पायांना उभे लोखंडी पाइप नटबोल्टने जोडून वर चौकट करा, पडदा तिला लावा. घर सोडताना सगळं सुटतं. उंची साडेसहा फुटांपेक्षा जास्त नको, पंख्याची हवा आत यायला हवी. दिवा क्लिपचा घ्या, तोंड भिंतीकडे.