दवाखाना लांब आहे, शाळेतच मुलांची नजर कशी तपासावी?

प्रश्न: डोळ्यांचा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर आहे. फळ्यावरचं न दिसणारी मुलं शिक्षकांना हेरता येतील का? तक्ता कसा वापरायचा?

उत्तर १: नक्की येतील. 'ई'चा तक्ता घ्या, म्हणजे इंग्रजी 'E' अक्षर वेगवेगळ्या दिशांना वळवून छापलेला तक्ता. अक्षरओळख नसलेलं मूलही 'ई'ची तोंडं कुठे आहेत ते हाताने दाखवतं. ६ मीटरवरून ६/१२ चा (चांगल्या नजरेला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) 'ई' १७.५ मिमी उंच हवा. खोली लहान असेल तर ३ मीटर अंतर आणि ८.७ मिमी. तक्ता छापलात तर आधी पट्टी लावून मोजा. छापताना पानात बसवायला आकार कमी झाला, की चांगल्या नजरेची मुलंही नापास होतात. अंतरावर खडूने रेघ मारा, कारण मुलं नकळत पुढे सरकतात.

एकेक डोळा वेगळा तपासा. दुसरा तळहाताने झाका, बोटांनी नको, फटीतून दिसतं. डोळा दाबूही नका, नंतर काही वेळ अंधुक दिसतं. पाचपैकी चार दिशा बरोबर आल्या तर पास. तक्ता दर वेळी फिरवा आणि रांग वर्गाबाहेर ठेवा, नाहीतर पुढची मुलं क्रम पाठ करतात.

उत्तर २: नापास मुलाला काळ्या पुठ्ठ्याला १ मिमीचं भोक पाडून त्यातून पुन्हा बघायला लावा. स्पष्ट दिसलं तर बहुधा नंबर आहे. फरक पडला नाही तर डॉक्टरच हवा. तिरळेपणा, बाहुलीत पांढरेपणा, लाल आणि दुखणारा डोळा असेल तर तक्त्यावर पास झालं तरी लगेच पाठवा. सुरुवात लहान वर्गांपासून करा. आळशी डोळा (लहानपणी नीट न वापरल्याने नजर कमी राहिलेला डोळा) सात-आठ वर्षांनंतर उपचारांना कमी दाद देतो.

उत्तर ३: खरी गळती दवाखान्यात जाण्याची चिठ्ठी दिल्यानंतर होते. मजुरी बुडवून कोण जाणार? म्हणून यादी तयार ठेवून नंबर काढणाऱ्यालाच एक दिवस शाळेत आणा. फ्रेम मुलाला निवडू द्या, चष्मेही शाळेतच वाटा. नुसत्या नंबर काढणाऱ्या मशीनच्या आकड्यावर चष्मा करू देऊ नका: मुलांचे डोळे जवळचं बघायला ताण घेतात, त्यामुळे बाहुली मोठी करणारे थेंब न घालता काढला तर उणे नंबर जास्त येतो.

तीन महिन्यांनी न सांगता जाऊन बघा. चष्मा बहुतेक दप्तरात सापडेल, चिडवण्यामुळे किंवा 'लावला की नंबर वाढतो' या भीतीमुळे. तसं होत नाही, हे पालकांना मुलासमोर सांगा आणि मुलाला चष्म्यासह व चष्म्याविना तक्ता वाचायला लावून दाखवा.

चष्मा येईपर्यंत त्या मुलाला पहिल्या बाकावर बसवा, आणि फळ्यावर लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत चला.