'अरीएल' : देवाचा सिंह, वेदीचा माथा की यरुशलेम?

शब्दयात्री यांचा प्रश्न

बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील २९ व्या अध्यायाचे मराठी भाषांतर मी सध्या स्वतःच्या अभ्यासासाठी करीत आहे आणि पहिल्याच ओळीत अडकलो आहे. 'अरीएल' हे नाव तेथे पहिल्या ओवीत दोनदा, दुसऱ्या ओवीत दोनदा आणि पुढे सातव्या ओवीत एकदा, असे पाच वेळा येते. बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये या नावाचा अर्थ 'देवाचा सिंह' असा दिलेला असतो. हिब्रू भाषेत 'अरी' म्हणजे सिंह आणि 'एल' म्हणजे देव, त्यामुळे फोड सरळ दिसते. अडचण अशी की, तो अर्थ दुसऱ्या ओवीत घातला की वाक्य कोलमडते. "मी अरीएलला संकटात टाकीन, तेथे शोक आणि विलाप होईल, आणि ती मला अरीएलसारखी होईल" या वाक्याचा आशय मला लागत नाही. जी नगरी आधीच अरीएल आहे, ती आणखी अरीएलसारखी कशी होणार?

याच नावाचे इतर वापर पाहू लागलो तेव्हा गोंधळ वाढला. शेक्सपिअरच्या नाटकातील वायुरूपी आत्मा, युरेनसचा चंद्र, इस्रायलचे माजी पंतप्रधान, कपडे धुण्याची पावडर, संगणकावरील अक्षरवळण, घराच्या छपरावरची दूरदर्शनची 'एरियल' ही सगळी एकाच नावाची वंशावळ आहे का? आणि मुख्य म्हणजे, भाषांतरात मी काय लिहावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुनी वही यांचा प्रतिसाद

आपण जेथे अडकलात तेथेच त्या कवितेचा प्राण आहे, असे मला वाटते. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तो यमक अलंकार आहे. तोच शब्द पुन्हा येतो, मात्र दुसऱ्या अर्थाने. दुसऱ्या ओवीतील पहिला 'अरीएल' हे यरुशलेम नगरीचे नाव आहे आणि दुसरा 'अरीएल' ही एक वस्तू आहे. ती वस्तू कोणती, हे बायबलमधल्याच यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथातील ४३ व्या अध्यायात सापडते. तेथे नव्या मंदिराच्या वेदीची मापे दिली आहेत. वेदी टप्प्याटप्प्याने वर चढत जाते आणि सर्वांत वर जेथे अग्नी पेटतो त्या भागाला 'अरीएल' म्हटले आहे. तो भाग बारा हात लांब आणि बारा हात रुंद, म्हणजे नेमका चौरस आहे. त्याची उंची चार हात असून त्यावर चार शिंगे आहेत.

हा अर्थ दुसऱ्या ओवीत ठेवून पाहावा. ज्या नगरीत वेदीवर पशू जाळले जातात आणि सण वर्षामागून वर्ष फिरत येतात, ती नगरीच वेदीचा पेटता माथा होईल, रक्ताने आणि आगीने वेढली जाईल, असे संदेष्टा म्हणतो. पहिल्या ओवीत "वर्षाला वर्ष जोडा, सण फिरत राहू द्या" असे का म्हटले आहे, तेही यामुळे उलगडते. सणांवर आणि बलिदानांवर विसंबून निश्चिंत राहिलेल्या लोकांना त्यांच्याच वेदीची भीती दाखविली आहे.

याच ओव्यांत आणखी एका शब्दाची अशीच पुनरुक्ती आहे, ती भाषांतरात निसटू देऊ नये. पहिल्या ओवीत दावीद राजाने त्या नगरीत 'तळ दिला' असे म्हटले आहे आणि तिसऱ्या ओवीत देव म्हणतो की, मी तुझ्याभोवती तळ देईन. मूळ हिब्रूत दोन्हीकडे 'हाना' हेच क्रियापद आहे. दावीदाचा तळ नगरी वसविणारा होता आणि हा तळ तिला वेढा घालणारा आहे. मराठीत सुदैवाने 'तळ देणे' दोन्हीकडे चालते, म्हणून एका जागी 'वस्ती केली' आणि दुसऱ्या जागी 'वेढा घातला' असे लिहू नये.

'देवाचा सिंह' हा अर्थ मात्र यहुदी परंपरेने कधीच सोडला नाही. मिश्ना या प्राचीन यहुदी धर्मनियमसंग्रहाच्या 'मिद्दोत' या भागात म्हटले आहे की, मंदिर पुढे रुंद आणि मागे अरुंद होते, पुढे शंभर हात आणि मागे सत्तर हात, कारण सिंहही पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. आणि त्याला आधार म्हणून यशयाची हीच ओवी दिली आहे. मिश्नावरील विवेचनाचा ग्रंथ असलेल्या तल्मूदमध्ये तर वेदीवरचा अग्नी सिंहासारखा दबा धरून बसलेला असे, असे वर्णन आहे. सिंह आणि अग्निस्थान हे दोन अर्थ त्या परंपरेत एकमेकांशी भांडत नाहीत, एकाच चित्रात बसतात.

कोशवाचक यांचा प्रतिसाद

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु 'देवाचा सिंह' ही फोडही दिसते तितकी सरळ नाही. हा समास षष्ठी तत्पुरुष मानला तर 'देवाचा सिंह' होतो. मधला 'ई' हा 'माझा' या अर्थाचा प्रत्यय मानला, तर 'देव माझा सिंह आहे' असे पूर्ण वाक्य तयार होते. गब्रिएल या नावाविषयीही हाच प्रश्न पडतो. तिसरी शक्यता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हिब्रूत एखाद्या गोष्टीची भव्यता सांगण्यासाठी तिला देवाची म्हणतात. स्तोत्रसंहितेत 'देवाचे पर्वत' आणि 'देवाचे देवदार' असे शब्द येतात, त्यांचा अर्थ प्रचंड पर्वत आणि उत्तुंग देवदार. त्या न्यायाने 'देवाचा सिंह' म्हणजे महाबलाढ्य सिंह, आणि पुढे लक्षणेने पराक्रमी पुरुष. आपण 'नरसिंह' किंवा 'पुरुषसिंह' म्हणतो त्याच्या हे जवळ जाते.

हा वीराचा अर्थ शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथात, २३ व्या अध्यायात भेटतो. दावीदाचा योद्धा बनाया याने मवाब या शेजारच्या राज्याचे दोन 'अरीएल' मारले असे तेथे म्हटले आहे, आणि लगेच पुढे, त्याने बर्फाच्या दिवशी खड्ड्यात उतरून एक सिंह मारला असे येते. दुसऱ्या वाक्यातील सिंहासाठी साधा शब्द आहे, तेव्हा पहिल्या वाक्यातील 'अरीएल' हे काहीतरी वेगळे असले पाहिजे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तेथे 'मवाबच्या अरीएलचे दोन पुत्र' असे वाचले, तर १६११ च्या इंग्रजी भाषांतराने 'सिंहासारखे दोन पुरुष' असे केले. एज्राच्या ग्रंथात, आठव्या अध्यायात, अरीएल हे निव्वळ एका माणसाचे नाव आहे. बाबेलहून परतताना मंदिराच्या सेवेसाठी माणसे आणायला ज्या प्रमुखांना पाठविले त्यांपैकी तो एक.

मवाबचा उल्लेख झालाच आहे, तर एका दगडाविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे एका धर्मोपदेशकाच्या दृष्टीस पडला. तो इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील आहे. मालकीवरून वाद वाढल्यावर तेथील लोकांनी तो काळा दगड फोडला. त्याआधी ओल्या कागदावर त्याचा ठसा घेतला गेला होता, म्हणून आज बहुतेक मजकूर वाचता येतो. जोडलेला दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या बाराव्या ओळीत, अटारोथ हे इस्रायलींचे नगर जिंकल्यावर, मेशा म्हणतो की, मी तेथून 'अरएल दोदह' आणले आणि करियोथ येथे कमोश देवापुढे ओढत नेले. त्या लिपीत स्वर लिहीत नसल्यामुळे दगडावर केवळ आलेफ, रेश, आलेफ, लामेद ही चार अक्षरे आणि मग दालेत, वाव, दालेत, हे ही चार अक्षरे आहेत. दुसऱ्या शब्दात कोणी 'दावीद' वाचतात, कोणी 'त्यांचा प्रिय' असे वाचतात, तर कोणी त्यात एखाद्या देवतेचे नाव पाहतात. पहिला शब्द मात्र आपल्याच प्रश्नातला आहे.

आता 'ओढत नेले' या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. त्याच लेखात काही ओळींनंतर नबो नगरातून इस्रायलींचा देव यहोवा याच्या उपासनेची पात्रे आणून कमोशापुढे ओढत नेल्याचे सांगितले आहे आणि क्रियापद तेच आहे. काही अभ्यासक येथेही बंदी केलेला वीर असावा असे म्हणतात. परंतु माझ्या मते ही उपासनेतली वस्तू होती, बहुधा अग्निस्थान. तसे असेल तर हा अर्थ यहेज्केलाने नव्याने घडविलेला नव्हे. तो त्याच्या आधी दोन-अडीच शतके यार्देन नदीच्या पलीकडेही चालू होता. म्हणूनच 'जाळणे' या अर्थाच्या धातूपासून ही व्युत्पत्ती लावणाऱ्यांचे म्हणणे मला दुर्लक्षिण्यासारखे वाटत नाही. तसे पाहिल्यास सिंहाशी या शब्दाचा मुळात काही संबंधच नसेल आणि सिंह नंतर कानाला जाणवला असेल. खुद्द यहेज्केलच्या त्या उताऱ्यात लेखनिकांनी हा शब्द एकदा 'हारएल', म्हणजे 'देवाचा पर्वत', असा लिहिला आहे. एकाच शब्दात सिंह, अग्नी आणि पर्वत ऐकू येत होते, हे त्यावरून दिसते.

दीपमाळ यांचा प्रतिसाद

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहिते. त्या यादीतील काही शब्द मुळात या नावाचे नाहीतच आणि हा घोळ मराठी लेखनामुळे वाढला आहे. छपरावरची 'एरियल' ही हवा या अर्थाच्या ग्रीक-लॅटिन 'आएर' शब्दाची संतती आहे. संगणकावरचे 'एरियल' अक्षरवळण १९८२ मध्ये तयार झाले आणि त्याचे मूळ स्पेलिंग वेगळे आहे. देवनागरीत मात्र आपण ही दोन्ही नावे आणि धुण्याच्या पावडरीचे नाव सारख्याच अक्षरांत लिहितो, म्हणून ती एका घरातली वाटतात. हिब्रू नावात दोन आलेफ आहेत, 'अरी' नंतर आवाज क्षणभर थांबतो आणि 'एल' वर जोर येतो. म्हणून हिब्रू संदर्भात 'अरीएल' हेच लेखन कटाक्षाने ठेवावे.

हवेशी या नावाची गाठ पडली ती इंग्रजी कानामुळे. शेक्सपिअरने १६१०-११ च्या सुमारास लिहिलेल्या 'द टेम्पेस्ट' नाटकात एरिएल हा वायुरूपी आत्मा आहे. नाव हिब्रू वळणाचे, देवदूतांच्या 'एल'कारान्त नावांत शोभणारे, आणि ध्वनी इंग्रजी हवेचा. नाटककाराला ते नाव मोहवून गेले असेल तर नवल नाही. पुढे अलेक्झांडर पोपनेही आपल्या विनोदी खंडकाव्यात एका संरक्षक वायुपरीला हेच नाव दिले. विल्यम लॅसेलने २४ ऑक्टोबर १८५१ रोजी युरेनसचे दोन चंद्र शोधले, तेव्हा जॉन हर्शेलने त्यांना एरिएल आणि अम्ब्रिएल अशी नावे सुचविली. या चंद्राचा व्यास सुमारे १,१५८ किलोमीटर आहे. ब्रिटनचा पहिला उपग्रह एप्रिल १९६२ मध्ये सोडला गेला, त्याचेही नाव एरिएल. ही शाखा आडनावाने हिब्रू आणि स्वभावाने इंग्रजी आहे, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

पैलतीर यांचा प्रतिसाद

आजच्या इस्रायलमधील वापराची थोडी भर घालतो. तेथे अरीएल हे मुख्यतः पुरुषाचे नाव आहे, लाडाने अरी किंवा अरीक म्हणतात, आणि मुलीसाठी 'अरीएला' असे रूप आहे. १९२८ मध्ये जन्मलेले अरीएल शेरोन २००१ ते २००६ या काळात पंतप्रधान होते आणि त्यांनाही सर्वत्र 'अरीक' म्हणत. इंग्रजी भाषक जगात डिस्नेच्या १९८९ च्या चित्रपटातील जलपरीमुळे बहुतेकांना ते मुलीचे नाव वाटते. याशिवाय वेस्ट बँकमध्ये १९७८ मध्ये वसविलेली अरीएल नावाची इस्रायली वसाहत आहे. तेथे आज विद्यापीठही आहे. अशा वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहेत असे बहुतेक देश मानतात आणि इस्रायलला ते मान्य नाही. यशयाचे नगर आणि ही वसाहत यांचे नाव एक असले तरी ठिकाणे वेगळी आहेत, हे वाचकाला टीपेत सांगणे योग्य होईल.

शब्दयात्री

आपण सर्वांनी एवढ्या आत्मीयतेने लिहिलेत, मनापासून आभार. आता पेच केवळ शब्दाचा उरला आहे. दुसऱ्या ओवीत 'अग्निकुंड' लिहावे की 'होमकुंड'? की दोन्हीकडे 'अरीएल' ठेवून टीप द्यावी?

जुनी वही

हा पेच आपल्याआधी अनेकांना पडला आहे. ग्रीक भाषांतराने नाव तसेच ठेवले, मात्र दावीदाने त्या नगरीशी 'युद्ध केले' असे म्हटले. तार्गुम या जुन्या अरामी भाषांतराने पहिल्याच ओवीत 'वेदी' हा शब्द घातला आणि दुसऱ्या ओवीत, बळींच्या रक्ताने वेदी वेढली जाते तशी नगरी वधलेल्यांच्या रक्ताने वेढली जाईल, असा अर्थ उलगडून सांगितला. १५६० च्या जिनिव्हा या इंग्रजी आवृत्तीनेही आरंभी 'वेदी, वेदी' असेच केले. या दोन्हींत अर्थ कळतो, परंतु नगरीचे नाव हरवते आणि नाव हरवले की धक्काही हरवतो.

'होमकुंड' मला नको वाटते, कारण त्या शब्दासोबत वेगळाच विधी डोळ्यांपुढे उभा राहतो. शिवाय कुंड जमिनीत खोल असते आणि यहेज्केलचा अरीएल हा वेदीचा सर्वांत उंच भाग आहे. त्यामुळे 'अग्निकुंड'ही नेमके बसत नाही. मी असे लिहीन: "मी अरीएलला संकटात टाकीन, तेथे शोक आणि विलाप होईल, आणि ती मला खरोखरीची अरीएल होईल, वेदीचा पेटता माथा होईल." शेवटचे चार शब्द मुळात नाहीत, ते टीपेऐवजी ओळीतच आले आहेत. मोठ्याने वाचताना टीप ऐकू येत नाही, म्हणून एवढे स्वातंत्र्य मी घेईन. सातव्या ओवीत मात्र, जेथे अरीएलशी लढणारी राष्ट्रे रात्रीच्या स्वप्नासारखी होतात असे म्हटले आहे, तेथे नाव उघडेच ठेवावे. तेथे ती पुन्हा नगरी झालेली असते.

कोशवाचक

'वेदीचा पेटता माथा' उत्तम. फक्त 'खरोखरीची' हा शब्द काढावा, अशी माझी विनंती आहे. मूळ हिब्रूत तेथे केवळ 'सारखी' या अर्थाचा एकाक्षरी उपसर्ग आहे, तेव्हा "ती मला अरीएलसारखी होईल, वेदीच्या पेटत्या माथ्यासारखी" एवढेच ठेवले तरी पुरे होईल.