सल्ला हवा: कंपनीच्या इनोव्हेशन लॅबमध्ये छोट्या वर्कशॉपने जावं का?

भोसरीचा_लेथ
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केलं, आता दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) आहेत. काम बहुतेक चाकणच्या व्हेंडरांसाठी फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवायचे साचे) आणि रोबोटचे ग्रिपर, म्हणजे पार्ट उचलणारे पंजे. सध्या एक व्हॅक्यूम ग्रिपर, हवा ओढून सक्शन कपाने पार्ट धरणारा, डोकं खातोय. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढला की ४.२ किलो भरतो, उचलायचा पार्ट ६ किलो, आणि रोबोट १० किलो पेलोडचा, म्हणजे ग्रिपर धरून एकूण तेवढंच उचलणारा. हिशेब तिथेच संपला. शिवाय आतून हवा न्यायला आडवी-उभी भोकं मारायची आणि नको ती तोंडं ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) बंद करायची. त्यातलं एखादं हमखास गळतं.

एका मोठ्या कंपनीच्या इनोव्हेशन लॅबचा फॉर्म आलाय. बाहेरच्यांना काही महिने जागा, थ्रीडी प्रिंटरसारखी मशीन आणि डिझाइनची माणसं देतात. जावं का? पुण्यात आणखी कुठे जमेल? आणि डिझाइन कोणाचं राहतं? वडील म्हणतात, "खेळणी छापून परत याल."

टूलरूम_काका
वडिलांना माझा नमस्कार सांगा. मशीन बघायला जाणार असाल तर त्यांचंच खरं होईल. छापून देणारे पुण्यात पैसे टाकले की मिळतात. लॅबमध्ये मिळवण्यासारखी गोष्ट म्हणजे शेजारी बसून डिझाइन उलटंपालटं करणारा माणूस.

तुम्ही आज ठोकळा घेता आणि नको तेवढं काढता. तिथे उलट चालतं: भार कुठे, बोल्ट कुठे, कुठली जागा मोकळी हवी हे सांगायचं, आणि सॉफ्टवेअर जिथे ताण तिथेच माल ठेवतं. आकार हाडासारखा दिसतो, हसू नका. इस्रोने मे २०२४ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन असं छापून चालवून बघितलं. १४ भागांचा एक भाग झाला, १९ वेल्ड गेले, आणि ५६५ किलो फोर्जिंग-पत्र्याच्या जागी १३.७ किलो पावडर लागली. वजनापेक्षा मला त्यातले गेलेले वेल्ड जास्त आवडले. जोड नाही तर गळती कुठून होणार? तुमचे ग्रब स्क्रू आठवा.

पण जाताना भार कागदावर लिहून न्या. पार्ट ६ किलो एवढं पुरत नाही. रोबोट झटक्यात थांबतो तेव्हा काय जोर येतो, फ्लँजपासून (रोबोटच्या मनगटाला ग्रिपर जोडतो तिथून) वजनाचा मध्य किती लांब आहे, हे लागतं. ते नसेल तर पहिला महिना त्यातच जाईल.

प्रिंटवाली
काकांना +१, पण थोडं पाणी ओतते. मी छपाईच्याच धंद्यात आहे. रोज कोणीतरी अ‍ॅल्युमिनियमचं मॉडेल पाठवतं आणि म्हणतं, "ताई, हेच नायलॉनमध्ये द्या." नायलॉन १२, म्हणजे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक, वजनाला अ‍ॅल्युमिनियमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पण ताठपणा साधारण चाळीसावा हिस्सा. तोच आकार छापलात तर ग्रिपर मान टाकेल.

तुमच्या जागी मी असते तर अख्खा ग्रिपर छापलाच नसता. फ्लँजची प्लेट तुमच्याच व्हीएमसीवर, खिसे मारून, म्हणजे नको तिथला माल खणून, हलकी. हात कार्बन फायबरच्या नळीचे. छापायचा तो फक्त हवेचा मॅनिफोल्ड, म्हणजे हवा वाटून देणारा ठोकळा, कारण वाकड्या वाटा आतून नेणं ड्रिलला जमत नाही, एसएलएसला (लेझरने पावडर वितळवून थर छापण्याला) जमतं.

त्यातही मेख आहे. एसएलएसमध्ये न वितळलेली पावडर त्या वाटेतच बसलेली असते. दोन्ही टोकं उघडी ठेवा, वळणं मोठी ठेवा, नाहीतर आतली पावडर बाहेर काढता येत नाही आणि मग ती सक्शन कपात, तिथून व्हॅक्यूम जनरेटरमध्ये. भिंत बारीक असेल तर हवा नायलॉनमधूनही झिरपते, म्हणून सीलिंग करून घ्या. आटे नायलॉनमध्ये पाडू नका, पितळी इन्सर्ट बसवा. डॉवेलचं (जागा अचूक धरणाऱ्या पिनेचं) भोक कमी मापात छापून नंतर रीमरने मापात आणा.

पाषाणकर
जागांबद्दल. पुण्यात डिझाइन सॉफ्टवेअर करणाऱ्या डसॉल्ट सिस्टिम्सची थ्रीडी एक्स्पिरियन्स लॅब आहे, पण तिचा कल स्टार्टअप आणि मेकर मंडळींकडे. "आमचा व्हेंडर पार्ट हलका करायचाय" असं लिहिलंत तर बाजूला पडेल. "छोट्या कारखान्यांना परवडेल असा हलका ग्रिपर" असं लिहा, आणि खरंच तसा विचार असेल तरच लिहा.

चिंचवडला ऑटो क्लस्टर तुमच्या दाराशी आहे, रॅपिड प्रोटोटायपिंगची चौकशी आधी तिथे करा. व्हेंचर सेंटर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात आहे. त्यांची ओळख विज्ञानावर आधारित स्टार्टअपसाठी, पण पेटंटचं मार्गदर्शन हवं असेल तर फोन करायला हरकत नाही. आणि शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब (वस्तू स्वतः बनवून बघायची कार्यशाळा) आली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. मेटल प्रिंटर शोधायला जाऊ नका, पण हाताने करून बघायची सवय तिथे जितकी आहे तितकी चकचकीत काचेच्या लॅबमध्ये मला दिसली नाही.

नळस्टॉप_संशयी
लॅब बघायला बोलावलं तर पोस्टर वाचत बसू नका, कचऱ्याचा डबा बघा. फसलेल्या प्रिंटचे तुकडे, तुटलेले एंड मिल (मिलिंगची कटर) दिसले तर तिथे काम होतं. डबा लख्ख असेल तर ती पाहुण्यांना दाखवायची जागा. आणि विचारा: रात्री मशीन लावून जाता येतं का? संध्याकाळी सहाला कुलूप लागत असेल तर प्रिंटर असून नसल्यासारखाच.

कागदपत्रे_बघणारी
डिझाइनची मालकी या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहिते. करारात दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या: तुम्ही येताना आणलेलं काय, आणि तिथे बसून नवीन झालेलं काय. पहिलं तुमचंच राहिलं पाहिजे. दुसऱ्यावर बोलणी होऊ शकतात. "लॅबची साधने वापरून झालेले सर्व काही" असं वाक्य दिसलं तर सही न करता घरी या.

फॉर्ममध्ये कल्पना सविस्तर लिहायला सांगतात, त्याच्या आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, पेटंट अर्ज टाकता येतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपये. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. पेटंट लागेल असा ग्रिपर आहे की नाही हे वकिलाला दाखवा, पण क्रम उलटा करू नका. आधी जगाला दाखवलं की नावीन्य गेलं.

भोसरीचा_लेथ
सगळ्यांचे आभार. वडिलांना प्रिंटवालीताईंचं वाचून दाखवलं, "प्लेट आपल्याच व्हीएमसीवर" म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "मग मॅनिफोल्डपुरतं जा, पण मशीन बघत बसू नकोस." तर आधी मॅनिफोल्ड बाहेरून छापून गळती बघतो. ती थांबली तर हात आणि प्लेट हलकी करायला लॅबचा फॉर्म भरतो. ताई, वळण किती मोठं ठेवू? थांबा, मॉडेलचा स्क्रीनशॉट इथेच टाकतो.

कागदपत्रे_बघणारी
टाकू नका हो! हा धागा उघडा आहे. इथे टाकलंत तर तेच जाहीर झालं. आधी अर्ज, नाहीतर ताईंना खासगी निरोपातून पाठवा, आणि त्याआधी एका पानाचा गोपनीयतेचा करार.

प्रिंटवाली
करार पाठवा, सही करते. वळणाची त्रिज्या वाटेच्या व्यासाच्या दुप्पट धरून मॉडेल करा, बाकी ड्रॉइंग बघून सांगते. आणि स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) पाठवा, फोनवर काढलेला स्क्रीनचा फोटो नको.