आजी १९४२ला रंगूनहून चालत आली, आता तिला बाळाचं रडणं ऐकू येतं

गुहागरकरीण:
आजी ९१ वर्षांची. २३ डिसेंबर १९४१ला रंगूनवर जपान्यांचे बॉम्ब पडले तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. ब्रह्मदेशातल्या प्रोम गावावरून टाउंगअपचा डोंगर चालत ओलांडला, वाटेत पटकीने माणसं मरत होती. तिचं तान्हं भावंड तिथेच गेलं. एवढंच आम्हाला माहीत. अजूनही पदराला मूठभर तांदूळ बांधून झोपते.
गेले पंधरा दिवस विहिरीतून बाळ रडतंय म्हणते. दोनदा रात्री कडी काढून तिकडे गेली. आईच्या हातचं खात नाही, 'विष घातलंय' म्हणते. वाडीतले सांगतात बाहेरचं आहे, गाऱ्हाणं घाला. ८० वर्षांनी जुनं दुखणं असं उलटतं का?

सिस्टर (निवृत्त), रत्नागिरी:
मनोरुग्णांच्या वॉर्डात ३१ वर्षं काढली, म्हणून हक्काने सांगते. गाऱ्हाणं खुशाल घाला, पण आजच विहिरीला जाळी मारा आणि उद्या लघवी, सोडियम, साखर तपासा. या वयात माणूस पंधरा दिवसांत पालटला तर बरेचदा लघवीचा संसर्ग निघतो. शांत व्हायची गोळी मनाने देऊ नका. स्मृतिभ्रंशाच्या लुई बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी औषधं फार बाधतात.
जुन्या आघाताचंही खोटं नाही. २०१६ साली स्वीडनमध्ये १३ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. शरणार्थ्यांत स्किझोफ्रेनियासारख्या आजारांचा धोका तिथे जन्मलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. त्याच मुलखांतून इतर कारणांनी आलेल्यांपेक्षाही ६६ टक्के जास्त. तरी बहुतेक शरणार्थ्यांना हा आजार होत नाही, आणि होतो तोही सहसा तरुण वयात. आजीला ९१व्या वर्षी पहिल्यांदा आवाज येतायत, म्हणून आधी शरीर बघा.

खाडीपट्टा:
'कोण रडत नाही, झोप' असं म्हणू नका. आमच्या काकांना तसं म्हटलं की ते जास्तच बिथरायचे. जवळ बसा, दिवा लावून ठेवा. १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीच्या सरकारी मदतलाइनला, फोन करा, पैसे पडत नाहीत.

गुहागरकरीण:
सिस्टर, संसर्गच निघाला. आठवडाभर औषध झालं, आता जेवते, विहिरीकडे जात नाही. पण काल आपणहून बोलली. मी बाळाचं नाव विचारलं तर म्हणाली, "बारसं कुठे झालं होतं?" आणि गाठ सोडून तांदूळ मोजत बसली. अजून विचारू का?

सिस्टर (निवृत्त), रत्नागिरी:
खोदून विचारू नका, बाय. ती सांगेल तेवढं ऐका. मनोविकारतज्ज्ञांना मात्र एकदा दाखवाच. आणि ते तांदूळ तिच्या पदरालाच राहू देत.