मदत हवी आहे: हा पॉइंटर माझ्याच पूलमधला आहे का, हे सीमध्ये ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी,

एका छोट्या लायब्ररीसाठी मेमरी पूल (आधीच राखून ठेवलेल्या मेमरीचा साठा) लिहिलाय. एक स्टॅटिक ॲरे, त्यात 64 बाइटचे 256 कप्पे. पूल भरला की मॅलॉककडे (चालू असताना मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे) जायचं. अडचण येते ती मेमरी परत करताना. पूल_फ्रीच्या हातात फक्त एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) येतो आणि तो पूलचा की मॅलॉकचा, हे त्यानेच ओळखायचं. सध्या तिथे एवढंच आहे (पी म्हणजे आलेला पॉइंटर):

पी >= पूल && पी < पूल + आकार

जीसीसी आणि क्लँग, दोन्ही कंपाइलरवर नीट चालतं. पण कोड रिव्ह्यूत सहकाऱ्याने अडवलं. सीच्या 1999 च्या स्टँडर्डमधल्या (सी99) 6.5.8 कलमाप्रमाणे < आणि > ही तुलना दोन्ही पॉइंटर एकाच ॲरेतले (किंवा त्याच्या शेवटाच्या लगेच पुढचे) असतील तरच करायची, नाहीतर अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची स्टँडर्ड काहीच हमी देत नाही. कलम वाचलं, बरोबर आहे त्याचं. म्हणजे पी पूलमधला आहे का हे विचारायचं, तर तो आधीच पूलमधला असायला हवा!

लायब्ररी फक्त 64-बिट लिनक्स आणि कॉर्टेक्स-एमवर (छोट्या उपकरणांतल्या प्रोसेसरवर) चालते. मग ही भीती कागदावरचीच ना? आणि एकमेकांवर येणारे ब्लॉकही कॉपी करणारं मेममूव्ह तरी पत्ते ताडताना वेगळं काय करत असेल?

प्रतिसाद 1

कागदावरची कसली, आपल्याकडे कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये ती बसलेली होती. टर्बो सी हा डॉसवरचा जुना कंपाइलर, त्यातलं लार्ज मेमरी मॉडेल. त्यातला ‘फार’ (far) पॉइंटर म्हणजे 16 बिटांचा सेगमेंट (मेमरीचा कुठला तुकडा) आणि 16 बिटांचा ऑफसेट (त्या तुकड्यात किती आत). एक ॲरे एकाच सेगमेंटमध्ये मावणार हे गृहीत, म्हणून < आणि > फक्त ऑफसेट बघायचे. समजा तुमचा पूल हेक्समध्ये 2000:1000 पासून सुरू होतो आणि मॅलॉकचा ब्लॉक आहे 3000:1200 ला. पूलचा आकार 4000, म्हणजे 1200 हे 1000 ते 5000 च्या मधे. तपासणी म्हणणार, आपलाच आहे. परका ब्लॉक गेला तुमच्या रिकाम्या कप्प्यांच्या यादीत! आणि हे स्टँडर्डला धरूनच.

सेगमेंट गेले तरी कंपाइलर आहेच. पी >= पूल ही तुलना जेव्हा वैध असते तेव्हा ती खरीच असते, त्यामुळे ती उडवून टाकायची मुभा त्याला आहे.

शंभर टक्के पोर्टेबल हवं तर == वापरा, ते कुठल्याही दोन पॉइंटरवर चालतं. प्रत्येक कप्प्याच्या सुरुवातीशी लूपमध्ये ताडून बघायचं. परका पॉइंटर आला की 256 तुलना. मी नाही करणार.

व्यवहारातला मार्ग म्हणजे दोन्हीकडे युइंटपीटीआर_टी (पत्ता मावेल असा पूर्णांक प्रकार) करून आकडे ताडणं. तो प्रकार ऐच्छिक आहे आणि रूपांतर कसं होईल ते कंपाइलर ठरवतो, पण सपाट (सेगमेंट नसलेल्या) मेमरीवर ठीक चालतं. जीलिबसीचं (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचं) सीमध्ये लिहिलेलं मेममूव्हही पत्ते अनसाइन्ड लाँगमध्ये घेऊन वजाबाकी करतं. त्यांना ते परवडतं, कारण खाली कुठलं मशीन आहे ते त्यांना ठाऊक असतं. सी++ वाल्यांना कुठल्याही दोन पॉइंटरांचा क्रम लावणारं एसटीडी::लेस मिळालंय, आपल्याला काही नाही.

माझं मत विचाराल तर पत्त्याला विचारूच नका. प्रत्येक ब्लॉकच्या आधी छोटं हेडर ठेवा, पूलचा की मॅलॉकचा एवढंच त्यात लिहा.

धागाकर्ता

धन्यवाद दादा! हेडरचा विचार केला, पण अलाइनमेंट (ठरावीक पटीतल्या पत्त्यावरच डेटा ठेवणं) सांभाळायचं तर लिनक्सवर 16 बाइट जातात आणि माझा नोड आहे 56 चा. कप्पा 80 चा केला तर 4 केबी वाढतात. कॉर्टेक्स-एमवर हेडर 8 चं केलं तर मात्र 64 मध्ये काठोकाठ बसतंय.

प्रतिसाद 2

मग तिथे 8 चं ठेवा, लिनक्सवर 4 केबी कोण मोजतंय? दोन्हीकडे एकच कोड राहावा म्हणून हेडरचा आकार मॅक्स_अलाइन_टी या सगळ्यात कडक अलाइनमेंटच्या प्रकाराच्या अलाइनमेंटवरून काढा, सी11 पासून आहे ते.