मदत हवी आहे: पॉवरशेलमध्ये एसएसएच चालतं, गिट पुश मात्र होत नाही

नमस्कार मंडळी. दोन संध्याकाळी यात गेल्या, आता तुम्हीच बघा. (‘की’ लिहिलं की वाक्यात गोंधळ होतो, म्हणून किल्ली म्हणतोय.)

विंडोज ११ आहे, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्याच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने टाकलंय. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड खिडकीत, एसएसएचसाठी (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणीसाठी) ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवली. घरची आणि ऑफिसची वेगळी कळावी म्हणून फाइलला ‘ऑफिस’ नाव दिलं, पासफ्रेजही (किल्लीचा पासवर्ड) ठेवला. पब्लिक किल्ली, म्हणजे जोडीतला उघड भाग, गिटहबवर (कोड ठेवायची साइट) चिकटवली. किल्ल्या सांभाळणारी एसएसएच-एजंटची सर्व्हिस बंद होती, ती ॲडमिन होऊन सुरू केली आणि एसएसएच-ॲडने किल्ली तिच्या हवाली केली.

पॉवरशेलमधून चाचणी घेतली तर गिटहब माझं नाव घेऊन हाय म्हणतं. त्याच खिडकीत गिट पुश केलं (कोड गिटहबवर पाठवला) की ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’. मशीन तेच, किल्ली तीच. मग?

प्रतिसाद १
रिमोटचा (पुश जिथे जातं त्याचा) पत्ता अजून एचटीटीपीएसचाच नाही ना? गिटहबवर गिटसाठी पासवर्ड तर १३ ऑगस्ट २०२१ पासून चालतच नाही.

धागाकर्ता
नाही हो, तो आधीच बदललाय. एचटीटीपीएस असतं तर पब्लिककीची तक्रार आलीच नसती.

प्रतिसाद २
गिट बॅश (गिटसोबत येणारी कमांड खिडकी) उघडा आणि तीच चाचणी तिथे घ्या. तिथेही नकार येईल, पैजेवर सांगतो.

तुमच्या मशीनवर एसएसएच दोन आहेत. एक विंडोजचं, सिस्टम३२ मधल्या ओपनएसएसएच फोल्डरात. दुसरं गिट स्वतःसोबत घेऊन येतं. पॉवरशेलमध्ये नुसतं एसएसएच म्हटलं की पहिलं धावतं, पण गिट पुश आपल्या घरचंच वापरतं, आणि ते विंडोजच्या एजंटशी बोलूच शकत नाही. एजंट नाही म्हटल्यावर ते डॉट एसएसएच फोल्डरात आयडी_ईडी२५५१९ वगैरे ठरलेली नावं शोधतं. तुमची ‘ऑफिस’ त्याला दिसणार कुठून? ठरलेलं नाव ठेवलं असतं तर पुश झालं असतं, फक्त दर वेळी पासफ्रेज मागत बसलं असतं. वैतागून लोक मग पासफ्रेजच काढून टाकतात. ते करू नका.

उपाय एका ओळीचा: गिट कॉन्फिगच्या ग्लोबल सेटिंगमध्ये कोअर डॉट एसएसएचकमांड याला विंडोजच्या एसएसएच डॉट ईएक्सईचा पूर्ण पत्ता द्या. पत्त्यात उलटे नाही, सरळ स्लॅश वापरा. गिटच्या इन्स्टॉलरमध्येही ‘एक्स्टर्नल ओपनएसएसएच’ असा पर्याय असतो, आपण सगळे नेक्स्ट नेक्स्ट करत जातो.

धागाकर्ता
झालं! पैज तुम्ही जिंकलात, बॅशमध्येही नकारच होता. आता रीस्टार्ट केल्यावर रोज एसएसएच-ॲड करावं लागेल का?

प्रतिसाद २
नाही. विंडोजचा एजंट किल्ली तुमच्या खात्यात एन्क्रिप्ट करून जपून ठेवतो. सर्व्हिस ऑटोमॅटिक केलीय ना, तेवढं बघा.

धागाकर्ता
मॅन्युअल ठेवली होती. बदलली. आभारी आहे.