कुळथाचं लेक्टिन डायलिसिसनंतर मरतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कुळथातून लेक्टिन वेगळं करतेय. हे तेच प्रथिन, जे ए१ रक्तगटाच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतं आणि म्हणून रक्तपेढीत ए रक्तगटाचे ए१ आणि ए२ हे उपप्रकार ओळखायला वापरतात. (आई म्हणते, पिठलं कर आणि मोकळी हो.)

पीठ हेक्झेननं तेलमुक्त केलं, फॉस्फेट सलाइनमध्ये ४ अंशांवर रात्रभर ढवळलं, मग अमोनियम सल्फेटनं ३० ते ७० टक्के संपृक्ततेतला साका घेतला आणि त्यातलं मीठ काढायला डायलिसिस केलं, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरून बफरमध्ये ठेवला. कच्च्या अर्काचा टायटर (किती पातळ केला तरी पेशी चिकटतात ते प्रमाण) १:६४ होता, डायलिसिसनंतर जेमतेम १:४! पेशी दोन्ही वेळा त्याच ए१ रक्तदात्याच्या. पिशवी १२ किलोडाल्टनची (म्हणजे त्याहून लहान रेणूच बाहेर जातात), लेक्टिन साधारण ११० चं, म्हणजे गळून जाणं शक्य नाही. पिशवीत थोडा पांढरा गाळ दिसला, तो मी टाकून दिला. घोडचूकच, बहुतेक.

शंका अशी की लेक्टिनला लागणारे कॅल्शियम आणि मँगनीज निघून गेले असतील, कारण पिशवी मी ईडीटीएत (धातूचे आयन पकडून ठेवणाऱ्या रसायनात) उकळली होती आणि नीट धुतली नाही. आता कॅल्शियम घालावं तर फॉस्फेटमध्ये त्याचाच गाळ बसणार. फॉस्फेट नसलेल्या ट्रिस बफरवर जाऊ का? लेक्टिनची गेलेली पेशी चिकटवण्याची क्रिया परत मिळवलीय का कोणी?